जबाब कुणाचा?

आता जुन्नरकडे येऊ. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग आणि विठाबाई यांनी गावाचंच नाव लावलं. पण तमाशाबद्दल आपण बोलतो ते लावणीबद्दल. मागे उभ्या झीलकऱ्याला ‘साथीदार’ म्हटलं की मोकळे! हे आम्हाला पटत नाही. झीलकरी ओळीचा शेवट उचलून वर नेतो, तेवढ्यात पुढचा गाणारा दम घेतो, आणि ऐकणाऱ्याला सम कळते.

बतावणीत सोंगाड्याचा नुसता ‘बरं, मग?’ घ्या. तो ‘मग’ आपला असतो हो, प्रेक्षकांचा. समोरच्याच्या फुशारकीला तिथंच टाचणी लागते.

शेजारच्या आंबेगावात, धामणीच्या खंडोबापुढे, ‘येळकोट येळकोट’ एकजण म्हणतो, ‘जय मल्हार’ सगळे. तिथं जबाब म्हणजे होकार. बतावणीतला जबाब शंका काढतो. दोन्हींना ‘प्रतिसाद’ या एकाच पोत्यात कोंबणारी समीक्षा आम्हाला आळशी वाटते.

मोबाइलवरच्या तमाशात बऱ्याचदा माइक पुढच्याच गळ्याला असतो. झील दबते, सोंगाड्याचा ‘मग’ ऐकूच येत नाही, आणि वर आपणच म्हणतो, विनोद पोरकट होता.