आगीचं ज्ञान कुणाच्या नावावर?

करकंबची बाजार आमटी आता पंढरपूर तालुक्याबाहेरही गाजली आहे. तिच्यावर लेख येतात. येऊ द्यात, आमची तक्रार नाही. सवाल एवढाच की त्याच मुलखात गावकुसाबाहेर पाचटाच्या जाळावर डुक्कर भाजतात, फऱ्याचं मटण बाभळीच्या निखाऱ्यावर निवांत शिजतं. त्या चुलीवर कुणी लिहिलं?

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यानं वाटी-चमच्याच्या मापात मराठी मध्यमवर्गाचा स्वयंपाक बांधून दिला. मोठंच काम. पण वाटी-चमच्यानं आग मोजता येत नाही, आणि फऱ्याच्या मटणात मसाला दुय्यम, कारभार आचेचा. जनावराचा बराच भार वाहणारा हा भाग, म्हणून चिवट. त्यातला चिवटपणा ७० अंशांच्या पुढं हळूहळू विरघळून चिकट रस होतो. मांस बोटांनी सुटायला आतली उष्णता ९० च्या वर जावी लागते. अमेरिकेत हाच फरा धुरावर करतात. भोवतालची हवा ११० ते १२० अंशांवर धरायची, आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त. मध्येच ६५-७० अंशांवर काटा अडतो, तासन्‌तास हलत नाही. कारण मांसातलं पाणी वरून उडत असतं. घामानं अंग गार व्हावं तसं ते स्वतःला गार ठेवतं. इथं नवशिका घाबरतो, लाकडं सारतो. मग वरून कोळसा आणि आतून चामडं. ओलं लाकूड घातलं तर पांढरा दाट धूर सुटतो आणि मांस कडू होतं.

आमच्या वस्तीतल्या म्हातारीनं थर्मामीटर पाहिला नव्हता. ती मडक्यात शिजवायची, धुरावर नाही. पण आचेचा कायदा तोच. निखाऱ्यावर तळहात धरायची न् म्हणायची, "आरं पोरा, जाळ नगं, धग पायजे." हे शास्त्रच होतं. फक्त ते छापलं गेलं नाही.

१९७२ साली दलित पँथरनं ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. काळ्यांची कविता घेतली, चीड घेतली. पण त्यांच्या चुलीकडं पाहिलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत खड्डा खणून, रात्रभर जागून निखारा राखणारे हात गुलामांचे होते. पुढं पुस्तकांत आणि टीव्हीवर चेहरे आले ते बहुतेक गोऱ्यांचे. एड्रियन मिलर यांनी 'ब्लॅक स्मोक' या २०२१ च्या पुस्तकात त्या आगीवर काळ्यांचं नाव परत लिहिलं.

आपल्याकडं काय? 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) यांनी भूक लिहिली, आणि ती लिहिणं तेव्हा गरजेचंच होतं. पण समीक्षकांनी दलिताच्या ताटात फक्त उपासमार पाहिली, कसब पाहिलं नाही. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये पुणे विद्यापीठातून दलितांच्या अन्न-आठवणींचं इंग्रजी पुस्तक काढलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं, २०२४ मध्ये इंग्रजीतही गेलं. महार-मांग घरांतलं अन्न पाककृतीसकट छापून पाटोळ्यांनी 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं. आमची तक्रार वाचणाऱ्यांवर आहे. आपण त्याची घोषणा केली, पण त्याच्यामागं वही घेऊन कितीजण निघालो?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं. चूक. १९२७ साली महाडला सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस, कारण त्याच्याशी गावानं लादलेली गुलामी बांधलेली होती. ताज्या मांसाची आच राखण्यात कसली गुलामी?

आता घरचं बोलू. डुक्कर पाळणाऱ्या वडाराला, कैकाड्याला, मांगाला आपल्यातलेच किती जण नाक मुरडतात! "आम्ही डुक्कर खात न्हाई" हे वाक्य आपल्या वस्तीत अभिमानानं उच्चारलं जातं. खाणं न खाणं ज्याची त्याची मर्जी. पण त्या वाक्यात जो तोरा असतो तो ताटातली श्रेणीबद्ध विषमताच आहे. बामणाच्या ताटाला प्रश्न विचारायचा आणि स्वतःच्या ताटाखाली दुसऱ्याचं ताट ठेवायचं, ही समीक्षा नव्हे.

तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवशी आमटी खा, जरूर खा. मग गावाबाहेरच्या वस्तीवर जा. कुठलं लाकूड, किती वेळ, निखारा कधी मागं ओढायचा, राख कधी टाकायची, ते मावशीला विचारा आणि लिहून घ्या. वर तिचं नाव घाला, तुमचं खाली.