मोजले औषध, राहिले जंतू

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या मे ते ऑक्टोबर या काळात देशभरातील दुधाची पाहणी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. वर्गात दुधाविषयी बोलताना तिचा आधार घेण्यापूर्वी ती नीट वाचायला हवी.

पाहणी मोठी आहे. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले गेले. भेसळीची आपल्याकडे एवढी चर्चा. पण आरोग्याला घातक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत आढळली. उलट ज्यांची फारशी चर्चाच नव्हती, ते प्रतिजैविकांचे अवशेष ७७ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्यांपैकी ९ महाराष्ट्रातले. हे पुढे आणल्याचे श्रेय प्राधिकरणाला द्यायलाच हवे.

मात्र नमुने ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांतलेच होते. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) जालन्याकडे निघाले की लागणारे करमाड त्यात बसतच नाही. शहरात विकले जाणारे बरेचसे दूध अनेक गोठ्यांचे एकत्र झालेले असते. एका गाईच्या दुधातले औषध त्यात विरळ होऊन जाते. गोठ्यात काय चालते ते करमाडसारख्या गावीच पाहावे लागेल. गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की सडातून प्रतिजैविक सोडतात. ते दुधात उतरते, म्हणून काही दिवस दूध विकायचे नसते. २०१२ च्या नियमाप्रमाणे हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापावा लागतो. तो ठरलेला नसेल, तर दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. डेअरीवर दर ठरतो फॅट आणि एस.एन.एफ. पाहून. सात दिवसांचे दूध ओतून देणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार? हा हिशेब मांडल्याशिवाय ७७ हा आकडा समजत नाही.

आमचा मोठा आक्षेप वेगळाच आहे. पाहणीने औषध मोजले, औषधाला दाद न देणारे जंतू मोजले नाहीत. औषध काही दिवसांत उतरते आणि दूध मर्यादेत बसते. त्यातून वाचलेले जंतू मात्र कासेत किंवा शेणात राहू शकतात. असा नमुना या पाहणीत निर्दोषच ठरेल. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या गाईंच्या दुधातील स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूंबाबत प्रसिद्ध झालेली हकीकत बोलकी आहे. मेथिसिलिनच्या गटातील औषधे त्यांना मारत नव्हती, पण नेहमीची जनुक-चाचणी 'काही नाही' म्हणत होती. जनुक निराळेच निघाले. त्याला पुढे मेक-सी हे नाव मिळाले. जंतू प्रत्यक्ष वाढवून त्यांवर औषध लावून पाहिले, म्हणून ते हाती लागले.

मुले इथे हमखास गोंधळतात. औषधाला न जुमानणारा जंतू उष्णतेला जुमानतोच. दूध उकळले की तोही मरतो. याउलट अनेक प्रतिजैविके उकळीनंतरही बरीचशी टिकतात. तेव्हा अशा जंतूंचा धोका घरच्या उकळलेल्या दुधात नाही. तो धार काढणाऱ्या हातांना, कच्चे दूध पिणाऱ्यांना आणि तेच दूध पाजलेल्या वासराला आहे.

पुढची पाहणी संकलन केंद्रावर, दूध एकत्र होण्यापूर्वी व्हावी आणि एकाच नमुन्यात औषध व जंतू दोन्ही तपासावेत. शाळेत जंतू वाढवण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. दही लावून पाहता येईल. ते लागले नाही तर औषधाचा संशय घ्यावा, पण थंडी आणि खराब विरजणही तेच करते. आणि औषध उतरून फक्त हे जंतू उरलेल्या दुधाचे दही अगदी छान लागू शकते.