कठीण आणि दुर्गम

गोल्फचे मैदान हीही एक रचनाच. तेव्हा तिला टीका चुकू नये. एका रिसॉर्टचे १८ होलचे अवघड मैदान खेळून परतताना मी शिळफाट्यावर चहाला थांबलो होतो. मी हौशी खेळाडू. एकाच तळ्यात चार चेंडू बुडवून आलो होतो. पण माझी तक्रार तळ्याबद्दल नाही; त्याला वळसा घालायला वाट नव्हती, याबद्दल आहे. अ‍ॅलिस्टर मॅकेंझीने १९२० सालच्या आपल्या ‘गोल्फ आर्किटेक्चर’मध्ये दुबळ्या खेळाडूसाठी पर्यायी वाट मागितली आहे. एखादा फटका जास्त पडला तरी चालेल, पण वाट हवी.

समोर बोरघाट उभा होता. १८६३ साली तिथे आगगाडी सुरू झाली तेव्हा सरळ चढ साधेना, म्हणून खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवून ती वर नेत. घाट त्यामुळे सोपा झाला नाही. गाडी मात्र वर पोचली. ज्या साहित्याला आपण दुर्बोध म्हणतो, त्याचीही कसोटी हीच नव्हे काय? वाचकाला घाम फुटला तरी हरकत नाही. मागे सरून पुन्हा चढण्यापुरती जागा लेखकाने ठेवलेली असावी. त्या तळ्याकाठी तेवढी नव्हती.