तीर न लागलेले शिर

जहांगीर बादशहाचा चित्रकार अबुल हसन याने 1616 च्या सुमारास काढलेले एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात जतन केलेले आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोवलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर तीर सोडतो आहे. मुंडक्यावर घुबड बसले आहे. सोबतच्या फारसी ओळींत अंबरच्या काळ्या रंगाची टिंगल आहे.

कलाकुसर अप्रतिम, पण प्रसंग खोटा! अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. 1626 मध्ये तो वृद्धापकाळाने वारला. रणात जमले नाही ते दरबाराने कागदावर उरकून घेतले. उलट मोगलांचाच इतिहासकार मोतमद खान याने अंबरच्या मृत्यूनंतर त्याची मोकळ्या मनाने तारीफ केली. येथे कलमाने कुंचल्यापेक्षा जास्त इमान राखले, असे आम्हांस वाटते.

हबशाणात जन्मलेला, मूळ नाव चापू, अनेकदा विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले. 1624 मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गनिमी काव्याचा तो वारसा दख्खनला पुढे फार उपयोगी पडला.

आमच्या लेखनाचे काय? आम्ही त्याला 'वजीर' म्हणून मिरवतो आणि 'गुलाम' हा शब्द गिळतो. किंवा त्याला गुलामांचा मुक्तिदाता ठरवतो. दोन्ही चूक. बसऱ्याकडच्या झंज गुलामांनी 869 ते 883 या काळात केले तसे बंड त्याने केले नाही. उलट स्वतःच्या फौजेसाठी त्याने हबशी गुलाम विकत घेतले. पण गुलामाची जागा पायाशीच, हा समज त्याने मोडून दाखवला.

आम्ही दोंडाईच्यात उर्दू शाळेत शिकवतो. आपला खानदेश 1601 पासून मोगलांकडे होता. अंबरवरच्या स्वाऱ्या बुऱ्हाणपूरहून निघत. आज वर्गात सावळ्या मुलाला 'हबशी' म्हणून चिडवणारी पोरे हजरत बिलाल यांचे नाव मात्र अदबीने घेतात. त्या चिडवण्यात अबुल हसनच्या चित्रातलीच टिंगल आम्हांस ऐकू येते. चारशे वर्षे झाली, बादशहाचा तो तीर अजून हवेतच आहे. तो उतरवण्याचे काम आम्हा मास्तरांचे आणि लिहिणाऱ्यांचे आहे.