चढाईपटूचे माहात्म्य आणि सातांचे गणित : शिरूर-दौंड परिसरातील कबड्डीच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची हद्द भीमा नदीने आखली आहे. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आणि साखर कारखाने आहेत. शिरूरकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, तर दौंडला रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. क्रिकेट येथेही घरोघरी पोहोचले आहे. तरीही यात्रा-जत्रांच्या निमित्ताने रात्री दिव्यांच्या उजेडात भरणाऱ्या कबड्डी स्पर्धांची ओढ ओसरलेली नाही. अशा स्पर्धेच्या फलकावर नावे संघांची असतात, परंतु मैदानाभोवतीची गर्दी एका खेळाडूची चौकशी करीत असते. तो आला असेल तर संघ भारी, नसेल तर संघ गेला, असा निवाडा सामन्यापूर्वीच होऊन जातो. हा खेळाडू जवळजवळ नेहमीच चढाईपटू असतो.

या निवाड्यात तथ्य किती, याची चिकित्सा करणे आवश्यक आहे. कारण तो केवळ प्रेक्षकांचा राहिलेला नाही. मंडळांचे संघ त्याच समजुतीवर बांधले जातात, बाहेरगावचा चढाईपटू मानधन देऊन आणला जातो आणि महाविद्यालयीन निवड चाचणीतही प्रथम नजर जाते ती चढाईकडेच. किंबहुना, एका खेळाडूचे मोल ठरविण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तीच मुळात सदोष आहे.

खेळाच्या इतिहासात या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे सापडतात. कबड्डीला आजचे एकरूप नियम लाभण्यापूर्वी तिचे तीन प्रकार प्रचलित होते. 'अमर' प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडीत नसे, फक्त गुण नोंदविला जाई. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. 'संजीवनी'त मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. आज जगभर खेळली जाणारी कबड्डी प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकारावर उभी आहे. हा तपशील केवळ इतिहासाच्या अभ्यासकापुरता नाही. 'अमर'मध्ये उत्तम चढाईपटू अखेरपर्यंत मैदानावर राहणार, म्हणजे त्याचे महत्त्व सर्वाधिक. 'गामिनी'त तो एकदा पकडला गेला की दीर्घकाळ निरुपयोगी, म्हणजे त्याला जपून वापरणे भाग. आणि 'संजीवनी'त? येथे त्याचे मोल त्याच्या हाती राहतच नाही. तो बाहेर बसला असताना उरलेले सहा जण त्याला किती लवकर परत आणतात, यावर ते ठरते.

नियमांचा तपशील पाहिल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. चढाईस 30 सेकंदांची मर्यादा आहे आणि सामना 40 मिनिटांचा असतो. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण 80 चढाया, एका संघाच्या वाट्याला सुमारे 40. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात. मुख्य चढाईपटू तिसरा बाद झाला असेल, तर आधीचे दोघे परतल्याशिवाय त्याला मैदान मिळत नाही. बोनस गुणाने कोणीही जिवंत होत नाही. अव्वल पकडीच्या जादा गुणानेही नाही. म्हणजेच दुसऱ्या चढाईपटूने पाठोपाठ दोन बोनस मिळविले तरी गुणफलक हलतो, पण बाकावर बसलेला तारा बाकावरच राहतो. त्याला परत आणते ती उजव्या कोपऱ्यातील घोट्याची पकड, किंवा मध्यरक्षकाने दिलेला धक्का. गुणपत्रकात त्या पकडीसमोर एकच गुण लिहिला जातो. त्या पकडीमुळे परतलेल्या चढाईपटूने पुढे पाच गुण घेतले, तर ते पाचही त्याच्याच नावावर जमा होतात. जमाखर्चाची ही पद्धत कोणत्याही लेखापालास मान्य होणार नाही. क्रीडासमीक्षेत मात्र ती निमूटपणे स्वीकारली गेली आहे.

2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे हे तपासण्यास भरपूर सामग्री उपलब्ध झाली. त्यातील पाटणा पायरेट्सचा अनुभव सर्वांत बोलका आहे. परदीप नरवाल या चढाईपटूच्या काळात या संघाने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळविली. 2017 च्या हंगामात त्याने चढाईचे 369 गुण घेतले. हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीतील सामन्यात एकाच चढाईत आठ गुण मिळविले. एक खेळाडू संघ जिंकून देतो, या मताला याहून भक्कम पुरावा मागता येणार नाही. परंतु त्याच संघात मोनू गोयत हा दुसरा समर्थ चढाईपटू होता, हे सहसा सांगितले जात नाही. 2018 मध्ये मोनू हरियाणाकडे गेला आणि पाटणा बाद फेरीही गाठू शकले नाही. 2019 मध्ये परदीपने पुन्हा तीनशेचा टप्पा ओलांडला, 302 गुण मिळविले, आणि पाटणा बारा संघांत आठव्या क्रमांकावर राहिले. गुण येत होते. सामने जात होते.

पुढचा अध्याय तर एखाद्या प्रयोगशाळेत मांडल्यासारखा आहे. त्यानंतरच्या लिलावात परदीपला यूपी योद्धाने 1 कोटी 65 लाखांना घेतले. त्याच्याविना पाटणा 2021-22 च्या हंगामात गुणतालिकेत अग्रस्थानी राहिले. मोनू गोयत परतला होता आणि मोहम्मदरेझा शादलू या इराणी डाव्या कोपरारक्षकाने पकडींचा सपाटा लावला होता. उपांत्य सामन्यात पाटण्यासमोर नेमका परदीपचाच संघ आला आणि पाटणा 38-27 असे जिंकले. अंतिम सामना दबंग दिल्लीने एका गुणाने नेला, ही गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण सिद्धार्थ देसाईचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हा तगडा चढाईपटू 2018 मध्ये यू मुंबाकडून चमकला आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख रुपयांना घेतले. त्याने आपले काम चोख केले. चढाईच्या गुणांत दोनशेचा आकडा गाठला. टायटन्स अकराव्या क्रमांकावर राहिले. त्याला गमावलेले यू मुंबा मात्र फाझल अत्राचलीच्या बचावाच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. टायटन्सने यातून काही बोध घेतला असे दिसत नाही, कारण 2023 मध्ये त्यांनी पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांहून अधिक रक्कम मोजली आणि 22 पैकी केवळ दोन सामने जिंकून तळ गाठला. पवन हा त्या काळातील सर्वश्रेष्ठ चढाईपटूंपैकी एक होता, याबद्दल दुमत नाही. दोष त्याच्याकडे जात नाही. सहा जागा रिकाम्या ठेवून सातवी सोन्याने मढविणाऱ्या विचाराकडे जातो.

त्याच हंगामात पुणेरी पलटणने अगदी उलट मार्ग धरला. नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार कर्णधार; सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. या चौघांपैकी कोणीही हंगामातील सर्वाधिक गुणांच्या यादीत अग्रस्थानी नव्हता. मोठी रक्कम, 2 कोटी 35 लाख, मोजली गेली ती बचाव करणाऱ्या शादलूसाठी. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळविले. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणाने, तेही पुण्यात बालेवाडीला, अंतिम सामना जिंकला.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. डिसेंबर 2022 च्या अंतिम सामन्यात पलटणला अस्लम आणि मोहित या दोघांनाही दुखापतीमुळे खेळविता आले नाही आणि जयपूरने तो सामना 33-29 असा जिंकला. 2024 च्या अखेरीस अस्लम पुन्हा जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीबाहेर राहिली. मग चढाईपटूचे महत्त्व सिद्ध होत नाही काय? होते, परंतु मर्यादित अर्थाने. चार गुणांनी हरलेला संघ कोसळलेला नसतो. त्याची धार तेवढी बोथट झालेली असते. शिवाय 2024 मध्ये शादलूही सोबत नव्हता, त्यामुळे अपयशाचे सगळे माप एका अनुपस्थितीच्या पदरात टाकता येत नाही. तरीही बरोबरीच्या दोन संघांत अखेरच्या पाच मिनिटांत थंड डोक्याचा चढाईपटू निर्णायक ठरतो, हे नाकारणे हटवादीपणाचे ठरेल. 2016 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत इराणपेक्षा 13-18 असा मागे होता. अजय ठाकूरच्या 12 गुणांनी सामना फिरला आणि 38-29 असा विजय मिळाला. दोनच वर्षांनी, 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, तोच अजय कर्णधार होता, परदीप होता, राहुल चौधरी होता, मुंबईचा रिशांक देवाडिगाही होता. इराणने उपांत्य फेरीत भारताला 27-18 असे हरविले. 1990 पासून सलग सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या देशाला ताऱ्यांची वाण नव्हती. चाळीस मिनिटांत अठराच गुण मिळाले, हे पुरेसे सूचक आहे.

अन्य खेळांतही ही गफलत आढळते. 2003 च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या 20 पैकी 15 गुण जॉनी विल्किन्सनच्या पायातून आले. जादा वेळेतील अखेरची निर्णायक लाथ आजही दाखविली जाते. त्या लाथेपूर्वी मार्टिन जॉन्सनने गर्दीत घुसून चेंडू पुढे नेला होता आणि मॅट डॉसनने तो अचूक मागे दिला होता, हे चित्रफितीत दिसते, आठवणीत राहत नाही. पेनल्टीचे गुण लाथाडणाऱ्याच्या नावावर लागतात. पेनल्टी मिळवून देणारे निनावी राहतात.

शिरूर-दौंडच्या मैदानांवर या गफलतीची किंमत मोजणारे खेळाडू कोट्यधीश नाहीत, आणि म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर आहे. येथील बहुतांश मुले शेतकरी वा कामगार कुटुंबांतील. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण, पोलीस वा रेल्वेतील भरती, ही त्यांच्या दृष्टीने खेळाची खरी बक्षिसे होत. तेथवर पोहोचण्यासाठी वरच्या स्तरावरील स्पर्धांत खेळल्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पहिली पायरी म्हणजे निवड चाचणी. चाचणीत चढाईपटूला आपले कौशल्य एकट्याने दाखविता येते. मध्यरक्षकाला ते दाखविता येत नाही. त्याची साखळी जुळायला शेजारचा ओळखीचा असावा लागतो. अनोळखी सहा जणांत उभा केलेला उत्तम मध्यरक्षक सामान्य भासतो आणि घरी जातो. स्थानिक स्पर्धांत उत्कृष्ट पकडीचे पारितोषिक असते खरे, पण तेही शेवटी जांघ धरणाऱ्याला मिळते. निसटू पाहणाऱ्या चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट अडवून उभा राहिलेला दुसरा कोणाच्या लेखी नसतो.

उलट बाजूने, त्या एका चढाईपटूचेही या व्यवस्थेत भले होते असे नाही. दुसरा विश्वासू चढाईपटू तयार केलेला नसल्याने संघाची प्रत्येक अडचणीची चढाई त्याच्याच माथी येते. मातीवर वाढलेला गुडघा अचानक मॅटवर वळतो, सलग दोन-तीन रात्री सामने होतात आणि विश्रांती द्यावी तर संघ हरतो. विशीतच गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारी मुले कोणत्याही यात्रेच्या मैदानावर दिसतात. त्यांचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत असते.

क्रीडा संचालकांच्या हाती यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या गुणपत्रकात चढायांचा क्रम लिहिला जातोच. त्याच्या कडेला आणखी दोन रकाने आखता येतील : मुख्य चढाईपटू किती चढायांपर्यंत बाहेर बसला आणि त्याला कोणाच्या गुणाने परत आणले. एका हंगामाच्या नोंदी जमल्यावर आंतरविभागीय संघाच्या निवडीला बसताना तो दुसरा रकाना समोर ठेवावा. त्यात वारंवार येणारी नावे बहुधा आजवर कोणत्याही फलकावर झळकलेली नसतील.