चित्रपट वाचावा की पाहावा?

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांचे विश्लेषण हा विषय विद्यापीठीय अध्ययनात आला, याचे आम्ही स्वागतच केले. साहित्याच्या काही अध्यापकांनी नाके मुरडली. आम्ही मात्र उतारवयात रीतसर नाव नोंदवून अशा एका अभ्यासक्रमाच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. तेथील अनुभवावरून एक तक्रार येथे मांडावीशी वाटते.

शॉट, संकलन, छायालेखन, ध्वनी यांची ओळख वर्गात नीट करून दिली जाते. (शॉटला मराठी प्रतिशब्द शोधण्यात एक अख्खा तास गेला, अखेर सर्वांनी शॉटच म्हटले, आणि ते योग्यच झाले.) परंतु प्रश्नपत्रिका हाती पडली की हे सारे ज्ञान बाजूस राहते. कथानक सांगा, व्यक्तिरेखा रंगवा, संदेश स्पष्ट करा, मूळ कादंबरीशी चित्रपट कितपत प्रामाणिक आहे ते लिहा! ही कादंबरीच्या परीक्षेची जुनी मापे होत. त्यांसाठी चित्रपट पाहावा लागत नाही. कोणी त्याची गोष्ट सांगितली तरी पुरते.

आमच्या वर्गाला ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) नेमला होता. दामले-फत्तेलालांच्या या बोलपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे सर्वांस ठाऊक असते. नुसते कथानक घेतले तर ती चमत्कारांची मालिका आहे : सालोमालोचा मत्सर, बुडविलेल्या गाथेचे परत येणे, शेवटी विमान. त्यात जिजाई म्हणजे भक्ताच्या वाटेत आडवी येणारी कजाग बायको. विद्यार्थ्यांनी उत्तरांत तसेच लिहिले आणि त्यांना गुणही मिळाले.

पडद्यावर मात्र निराळेच घडते. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा फारसे हलत नाहीत. दृष्टी दूर लागलेली, स्वर शांत. गौरीची जिजाई सदा कामात. ती म्हैस धुते, मुलांवर ओरडते, पोर आजारी पडताच देवळात जाऊन प्रत्यक्ष पांडुरंगावर वहाण उगारते. तिच्या हातापायांचे वजन चौकटीत जाणवते. नवराबायकोतील हा वाद संवादांत पुरता सापडत नाही, तो दोन देहांच्या गतींत आहे. म्हणूनच विमान तुकोबांना घेऊन निघते आणि जिजाई मागे राहते, तेव्हा आमचे डोळे विमानाकडे न जाता तिच्याकडे वळतात. भक्तिपट आपल्याच नायकाला प्रश्न विचारतो आहे, हे संहिता वाचून कळावयाचे नाही.

ध्वनीचेही तेच. शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले, ही हकीकत वर्गात मोठ्या हौसेने सांगण्यात आली. पण ते पद पुन्हा लावून, पागनीसांचा आवाज कोठे थांबतो आणि त्या वेळी पडद्यावर काय असते, हे कोणी दाखविले नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ (१९५५) तुकड्यातुकड्याने, पुन्हा पुन्हा दाखवून शिकवीत. ही रीत आम्हांस परकी वाटू नये. एका श्लोकाच्या अन्वयावर सबंध सकाळ घालविणाऱ्या शास्त्र्यांची परंपरा आपलीच आहे.

दूरचित्रवाणीची अडचण वेगळी. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तिचे भाग ३,००० च्या वर गेले. अशा कृतीच्या शेवटावरून तात्पर्य काढणे व्यर्थ होय. तेथे पुनरुक्ती हीच रचना असते, आणि प्रेक्षक स्वयंपाक करता करता ती पाहणार हे निर्मात्यांनी गृहीत धरलेले असते. या विषयास वर्गात एकच व्याख्यान मिळाले.

आमची सूचना साधी आहे. परीक्षेच्या दालनात पाच मिनिटांचा एक तुकडा दोनदा दाखवावा आणि त्यावरच लिहावयास सांगावे. गोष्ट ठाऊक असल्याचा मग कोणास फायदा होणार नाही. अशा परीक्षेत आम्हांस किती गुण पडतील, हे मात्र सांगवत नाही. वर्गातील विशीची मुले प्रत्येक कट आमच्याआधी ओळखीत.