मस्तानी सर्वांची, शमशेर कोणाचा?

बाजीराव-मस्तानीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली. २०१५ साली तिच्याच आधाराने संजय लीला भन्साळींचा चित्रपट आला. 'राऊ'चे ऋण आम्ही मान्य करतो. आख्यायिकांनी जिला केवळ नाचणारी करून ठेवले होते, तिला इनामदारांनी मानाने उभे केले. परंतु दोन धर्मांच्या, दोन प्रांतांच्या माणसांनी प्रेम केले, एवढ्यावर गोष्ट संपते काय? खरा पेच त्या घरात मूल जन्मल्यावर सुरू होतो, आणि नेमके तिथेच आमचे कथाकार घाईत असतात.

१७३४ साली बाजीरावांना दोन मुलगे झाले. काशीबाईंचा रघुनाथ आणि मस्तानीचा शमशेर, ज्याला कृष्णराव असेही म्हणत. १७४०च्या प्रारंभी रघुनाथाची मुंज पुण्यात झाली. त्याच सुमारास मस्तानी नजरकैदेत होती. शमशेरचीही मुंज व्हावी ही बापाची इच्छा ब्रह्मवृंदाने मानली नाही, असे परंपरेने सांगितले जाते. एकाच बापाची, एकाच वयाची दोन पोरे. एकाच्या गळ्यात जानवे पडले, दुसऱ्याच्या वाट्याला आईचा धर्म आला. एवढ्या एका प्रसंगावर स्वतंत्र कादंबरी उभी राहील! त्याच वर्षी एप्रिलात बाजीराव रावेरखेडीस वारले. (आमच्या शहाद्याहून सातपुडा ओलांडला की जी नर्मदा लागते, तिच्याच काठी, पूर्वेला.) पाठोपाठ मस्तानी गेली. पाबळला तिची कबर आहे. रसिकांचे डोळे इथे पाणावतात आणि पडदा पडतो. मागे उरलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरक्या मुलाचे काय?

तो पेशव्यांच्या घरात वाढला, त्यांचा सरदार झाला. १७६१ साली पानिपतावर अब्दालीविरुद्ध लढताना जखमी झाला आणि जाटांच्या मुलखात मरण पावला. २०१९च्या 'पानिपत' चित्रपटात तो दिसतो, पण तलवारीसह. सणावाराला वाड्यात त्याचे पान कुठे मांडले जाई, आईची बुंदेली त्याला आठवत होती काय, असल्या प्रश्नांना तिथे फारशी जागा नाही. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याने बांद्याची नवाबी उभी केली; १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात तो वारला. नातू आजीच्या मुलखात परतला, तो पेशव्यांचा सरदार म्हणून! पुढचा अलीबहाद्दर १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठला, राज्य गमावून इंदूरला पेन्शनीवर राहिला.

तक्रार केवळ इतरांबद्दल नाही. आपल्याकडेही मस्तानीचे नाव अभिमानाने घेतात. मुलाचे विचारले की गप्प. आम्ही उर्दू शाळेत पानिपत शिकवतो. शमशेरचे नाव निघाले की पोरे हमखास विचारतात, "सर, वो अपने थे या उनके?" हीच पोरे बाजारात अहिराणी बोलतात, वहीत उर्दू लिहितात, दुकानाच्या पाट्या मराठीत वाचतात. स्वतःबद्दल त्यांना हा प्रश्न पडत नाही, शमशेरबद्दल पडतो. तो त्यांनी आपल्याच गोष्टींतून उचलला आहे.

आपल्यापैकी कुणी शमशेर लिहायला घ्यावा. 'राऊ'ला उत्तर म्हणून मुळीच नको. उत्तर द्यायला बसलेला लेखक वकील होतो. सुरुवात पाबळच्या कबरीपासूनही नको. ती व्हावी मुंजीच्या मांडवापासून, मांडवाबाहेर उभ्या पोरापासून.